सिंगिंग इन द रेन (१९५२): पडद्यामागच्या त्या आवाजाबद्दल बोलूया का?

पाऊसवेडी

गेल्या रविवारी इकडे दिवसभर मुसळधार, लेकीचा क्लास रद्द, मैत्रिणीकडचा वाढदिवस पण रद्द, ती हिरमुसून खिडकीत बसलेली. म्हटलं चल तुला एक पिक्चर दाखवते आणि 'सिंगिंग इन द रेन' लावला. मी स्वतः किती वेळा बघितलाय त्याची मोजदाद नाही, पण बारा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बघताना काही गोष्टी नव्यानेच दिसल्या आणि एक प्रश्न तिने असा विचारला की तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट. काळ १९२७ चा, हॉलिवूडमधे मूकपट जोरात चाललेत. डॉन लॉकवुड (जीन केली) आणि लीना लॅमाँट (जीन हेगन) ही जोडी म्हणजे लोकांच्या गळ्यातला ताईत. लीनाला वाटतं डॉनचं आपल्यावर खरंच प्रेम आहे, कारण सिनेमाच्या मासिकात तसं छापून आलंय. अशात वॉर्नरचा 'द जॅझ सिंगर' येतो, तुफान चालतो आणि सगळ्या स्टुडिओंना घाईघाईने बोलपट काढायचे असतात. पंचाईत अशी की लीना दिसते अप्सरेसारखी पण तोंड उघडलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. मग डॉनचा जिवाभावाचा दोस्त कॉस्मो (डोनाल्ड ओकॉनर) शक्कल काढतो, की डॉन जिच्या प्रेमात पडलाय त्या कॅथीने (डेबी रेनल्ड्स) लीनासाठी बोलायचं आणि गायचं, लीनाने नुसते ओठ हलवायचे. शेवटी प्रीमियरला लीना स्टेजवर उभी, कॅथी पडद्यामागे माईकसमोर, आणि हे तिघं, डॉन, कॉस्मो आणि स्टुडिओचा मालक, दोर खेचून पडदा वर घेतात. लाज वाटून कॅथी प्रेक्षकांतून पळत सुटते आणि डॉन ओरडून सांगतो की त्या मुलीला थांबवा, आज रात्री तुम्ही जो आवाज ऐकलात तो तिचा आहे.

इथे माझे डोळे दर वेळी भरून येतात, या वेळी पण आले. आणि लेकीने विचारलं, "आई, पण खरं कोण गात होतं मग?"

खरं उत्तर असं आहे. 'वुड यू' हे गाणं कॅथी लीनासाठी गाते ना, त्यात आपल्याला ऐकू येतो तो आवाज डेबी रेनल्ड्सचा नाहीच्चे. तो बेटी नॉयस नावाच्या गायिकेचा आहे. आणि कॅथी लीनाचे संवाद डब करते तिथे जो गोड, घरंदाज आवाज येतो तो आहे जीन हेगनचा स्वतःचा! म्हणजे कर्कश लीना झालेली नटी स्वतःच्या खऱ्या आवाजात बोलत्येय, आपल्याला सांगितलं जातंय की हा कॅथीचा आवाज, आणि कॅथी झालेली नटी तेवढ्यापुरती गप्प.

बेटी नॉयसचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही. ज्या पिक्चरचा अख्खा शेवट आवाजाच्या मालकिणीला तिचं नाव द्या यावर उभा आहे त्याच पिक्चरने असं करावं हे मला फार सलतं. आणि तरीही हा माझा सगळ्यात लाडका पिक्चर आहे. लेकीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली मग आपण तिचं नाव लिहून ठेवूया. तर इथे लिहून ठेवते. बेटी नॉयस.

तुम्हाला काय वाटतं? आणि पिक्चरबद्दल बाकीही काहीही लिहा, मला वाचायला आवडेल.

सातारी_कंदी

वा, काय आठवण काढलीत! माझी या पिक्चरशी ओळख झाली ती कार्टून नेटवर्कमुळे. नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून संपली की त्याच चॅनेलवर रात्री टीएनटीचे जुने हॉलिवूड पिक्चर सुरू व्हायचे आठवतंय का? आम्ही भावंडं कार्टून संपलं तरी टीव्ही बंद करायचो नाही. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं पण एक माणूस भिंतीवर पळत चढतोय आणि उलटी कोलांटी मारून खाली येतोय हे बघून आम्ही पलंगावरून उड्या मारून आईचा मार खाल्लाय. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तो डोनाल्ड ओकॉनर आणि ते गाणं 'मेक एम लाफ'.

नॉयसबद्दल माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं.

माईकवाला

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे त्यामुळे या पिक्चरचं माझं वेड वेगळ्या कारणासाठी आहे. पहिला बोलपट शूट करतानाचा तो सीन. माईक झुडपात लपवलाय, लीना मान वळवली की आवाज गायब. मग माईक तिच्या अंगावर लावतात तर छातीची धडधडच रेकॉर्ड होते. मालक सेटवर येतो, वायरला अडखळतो म्हणून ती ओढतो आणि लीना धाडकन उलटी पडते. दिग्दर्शक काचेच्या खोलीत घामाघूम. लोक हसतात पण यातलं बरंचसं खरं आहे हो. त्या वेळी कॅमेऱ्याची घरघर माईकमधे यायची म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना बंद खोक्यात कोंडायचे, माईक फुलदाणीत नाहीतर झाडात लपवायचे आणि नटांना त्या फुलदाणीशीच प्रेमाच्या गोष्टी कराव्या लागायच्या.

मग प्रिव्ह्यूचा सीन, जिथे आवाज आणि चित्र एकमेकांपासून सुटतं आणि खलनायकाच्या तोंडून बाईचं "नाही नाही नाही" निघतं आणि बाईच्या तोंडून त्याचं "हो हो हो". वॉर्नरच्या व्हायटाफोनमधे आवाज फिल्मवर नसायचाच, वेगळ्या तबकडीवर असायचा. सोळा इंची तबकडी, मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका रिळाला एक तबकडी. सुई जरा उडली किंवा मधेच फिल्म तुटून दोन चार फ्रेम कापल्या गेल्या की बोंबललं सगळं. त्या सीनला माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, कारण सिंक गेला की काय होतं ते ज्याने भरल्या हॉलमधे भोगलंय त्यालाच माहीत.

हे सगळं लिहिणारी जोडी बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन. मजा म्हणजे त्यांच्या हातात गोष्ट नव्हतीच, आधी गाणी होती. हा पिक्चर काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओचा निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार, त्याने आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊनने वीस-तीसच्या दशकात केलेली गाणी पडून होती, त्यांच्याभोवती पिक्चर लिहा असा हुकूम. शीर्षकगीत तर १९२९ च्या एका एमजीएम रेव्ह्यू (नुसती नाचगाणी आणि विनोदी तुकडे असलेल्या) पिक्चरमधे आधीच येऊन गेलेलं. कॉम्डेन-ग्रीननी विचार केला की ही गाणी बोलपट नुकतेच आले त्या काळातली आहेत, तर गोष्टही त्याच काळात नेऊन ठेवू. मग त्या दिवसांतली जुनी माणसं एमजीएमच्याच आवारात होती, त्यांना विचारून विचारून एकेक फजिती गोळा केली. डॉन संवाद न पाठ करता नुसतं माझं तुझ्यावर प्रेम आहे माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणत सुटतो आणि पब्लिक खिदळतं ना, ते जॉन गिल्बर्ट या मूकपटाच्या मोठ्या हिरोवर १९२९ मधे खरोखर बेतलं होतं.

आजोबा_दादरकर

नमस्कार मंडळी. माईकवाले, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

हे सगळं आपल्याकडेही घडलंय आणि फार काही वेगळं नाही घडलं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला लागला, अर्देशीर इराणींचा. त्याचा हिरो मास्टर विठ्ठल आपला मराठी माणूस, मूकपटातला मारधाडीचा राजा, नुसत्या नावावर थेटर भरायचं. पण बोलपट आला आणि त्यांची उर्दू काही जमेना. मग काय केलं, तर गोष्टीत त्यांना बराचसा वेळ बेशुद्ध नाहीतर गुंगीतच दाखवलं, म्हणजे बोलायलाच नको! हे वाचल्यापासून मला लीनाकडे बघून हसू येत नाही, मला विठ्ठल आठवतात. रुबी मायर्स म्हणजे सुलोचना, त्या काळच्या सगळ्यात महागड्या नटी, त्यांनाही हिंदी शिकण्यासाठी कामातून काही काळ बाजूला व्हावं लागलं होतं. स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या म्हणून 'आलम आरा'चं बरंचसं शूटिंग रात्री गाड्या बंद झाल्यावर. वाजवणारे कोपऱ्यात नाहीतर झाडामागे लपायचे. आणि या पिक्चरची एकही प्रिंट आज शिल्लक नाही.

आता पाऊसवेडींच्या मुद्द्याकडे. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ च्या 'धूप छाँव'पासून सुरू झालं असं धरतात, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा. म्हणजे कॉस्मोची शक्कल आपण धंद्याचा पायाच करून टाकली. पण नावाचं काय? १९४९ मधे 'महल' आला, 'आएगा आनेवाला' घरोघरी पोचलं, आणि त्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव काय होतं माहितेय? कामिनी. पडद्यावर मधुबाला जे पात्र करते त्याचं नाव! लोक रेडिओवर पत्रं पाठवून विचारायला लागले की ही गाणारी कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात गा म्हटल्यावर गायकांना पुरस्कारच नाही तर मी गाणार नाही असं लताबाईंनी ठणकावून सांगितलं आणि १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला. तेव्हा माझं मत असं, की पडदा वर ओढणारा हिरो कुणाला भेटतो कुणाला नाही, आपल्याकडे एका बाईने तो स्वतः ओढला.

पाऊसवेडी

आजोबा, अंगावर काटा आला. कामिनीचं माहीत होतं पण या पिक्चरशी जोडून कधीच बघितलं नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं.

नूपुर७

मी कथक करते आणि शिकवते, त्यामुळे मी फक्त त्या एका गाण्याबद्दल लिहिणार. चालेल ना?

जीन केली पावसात नाचतो तो नाच नसून मनातलं न मावणं आहे असं मी मुलींना सांगते. त्या आधी काय झालंय बघा, पिक्चर आपटणार म्हणून सगळे रडवेले, रात्रभर जागून युक्ती सापडलीये, कॅथीला घरी सोडलंय, दारात निरोप घेतलाय. तो टॅक्सीला जा म्हणून खूण करतो आणि चालायला लागतो. चालता चालता गुणगुणतो. मग छत्री मिटतो. एकदम नाच सुरूच होत नाही. चालीतून ठेका, ठेक्यातून गाणं, गाण्यातून नाच, आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जातात तसं हळूहळू. सुरुवातीचं ते "डू डी डू डू" मूळ गाण्यात नव्हतं, ते एमजीएमच्या संगीत विभागातल्या रॉजर ईडन्सने घातलं, आणि मला वाटतं त्या चार अक्षरांनीच गाणं उभं राहतं, कारण त्याने चालणं आणि गाणं यांच्यात उंबरा तयार होतो. दिव्याच्या खांबावर चढणं, पन्हाळीचं पाणी डोक्यावर घेणं, फुटपाथच्या कडेवर एक पाय वर एक पाय खाली, आणि शेवटी रस्त्याच्या मधोमध डबक्यात पोरासारखं थयथय नाचणं. कॅमेरा पण त्याच्याबरोबर नाचतो, क्रेनवरून मागे वर जातो तेव्हा आपल्याही छातीत काहीतरी उघडतं. मग पोलीस येऊन उभा राहतो आणि हा गुपचूप छत्री एका भिजणाऱ्या माणसाला देऊन निघून जातो. त्यात कट फार थोडे आहेत आणि तो जवळजवळ कायम डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. आजकाल नाचात नुसते कापलेले हात पाय दिसतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता हे सगळं करताना त्याला १०३ ताप होता! दिवसाढवळ्या शूटिंग, एमजीएमच्या बॅकलॉटवरच्या (स्टुडिओच्या मोकळ्या आवारातल्या) खोट्या रस्त्यावर काळी ताडपत्री टाकून रात्र केलेली, वरून नळाचं पाणी, अंगात लोकरीचा सूट जो भिजून आकसत होता. डबकी हवी तिथे मुद्दाम खणलेली, कारण ठेका जिथे पडतो तिथेच पाणी उडायला हवं.

सातारी_कंदी

नूपुर, पण पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं ना? असं खूप ठिकाणी वाचलंय.

माईकवाला

नाही हो, ती दंतकथा आहे. छायाचित्रकार हॅरोल्ड रॉसनने मागून प्रकाश टाकून थेंब चमकवले. पावसाचं शूट ज्याने केलंय त्याला विचारा, समोरून लाईट मारला तर पाऊस दिसतच नाही, मागून मारला की एकेक धार दिसते. आपल्याकडेही अगदी तसंच करतात. त्रास झाला तो वेगळाच, संध्याकाळ झाली की आजूबाजूचे लोक हिरवळीला पाणी घालायला लागायचे आणि सेटवरच्या पाण्याचा जोर कमी व्हायचा.

शाल्मली_प

मला पिक्चर आवडतो, पण एक तक्रार मांडतेच. शेवटाकडे तो 'ब्रॉडवे मेलडी'चा लांबच्या लांब बॅले येतो, बारा-तेरा मिनिटांचा, त्यात ना कॅथी ना कॉस्मो ना गोष्ट. कळसाकडे निघालेली गाडी मधेच सायडिंगला लावून ठेवल्यासारखं वाटतं मला. त्याच्या आधीच्या वर्षी केलीने 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मधे शेवटी असाच मोठा बॅले केला, त्या पिक्चरला ऑस्कर मिळालं, म्हणून इथेही पाहिजेच असं झालं का? तिथे तो बॅले गोष्टीतूनच उगवतो. इथे बाहेरून आणून चिकटवलाय.

नूपुर७

शाल्मली, गोष्टीच्या अंगाने तुझं बरोबर आहे पण सिड चॅरिसला विसरून कसं चालेल! हिरवा झगा, पायाच्या टोकावर केलीची टोपी, आणि तो पाय वर जातच राहतो. नंतर पांढऱ्या कपड्यात, जवळजवळ पंचवीस फूट लांब रेशमी ओढणी मोठमोठ्या पंख्यांनी हवेत उभी ठेवलीये आणि ती त्या ओढणीला सांभाळत नाचते. ओढणी एकदा चुकली तर अख्खा टेक वाया. चॅरिस बॅलेत मुरलेली होती आणि ते दिसतं. ती या पिक्चरमधे एक शब्दही बोलत नाही, मूकपटाच्या गोष्टीत एकच बाई खरी मूक आहे आणि तीच सगळ्यात जास्त बोलून जाते असं मला वाटतं.

पाऊसवेडी

आणि बॅले संपल्यावर काय होतं ते आठवा ना! डॉन ही सगळी कल्पना मालकाला सांगत असतो, आणि मालक म्हणतो मला नीट डोळ्यासमोर येत नाहीये, पडद्यावर बघावं लागेल. आपण नुकतंच बघितलेलं असतं. मला त्या एका वाक्यासाठी बारा मिनिटं कबूल आहेत.

शाल्मली_प

ते वाक्य मात्र भारी आहे, मान्य. तरी मी दोन मिनिटं कापली असती.

मोगरा_ताई

मी डेबी रेनल्ड्सबद्दल लिहिते, तिच्याबद्दल अजून कुणी नीट लिहिलं नाही म्हणून.

शूटिंगच्या वेळी ती १९ वर्षांची. जिम्नॅस्टिक्स यायचं, नाच शिकलेली नव्हती. समोर केली, वय ३८-३९, पिट्सबर्गमधे घरची नाचाची शाळा चालवून वर आलेला माणूस, आणि बाजूला ओकॉनर ज्याचा जन्मच तमाशगीर, म्हणजे गावोगाव खेळ करणाऱ्या व्हॉदव्हिल घरातला. या दोघांच्या मधे तिला तीन महिन्यांत उभं करायचं. केली तिच्याशी फार कठोर वागला. एकदा ती रडत पियानोखाली जाऊन बसली होती तर तिथे फ्रेड अॅस्टेअर, हॉलिवूडचा तेव्हाचा दुसरा मोठा नाचणारा हिरो, आला, त्याने तिला बाहेर काढलं आणि आपल्या तालमीला बसवून बघायला दिलं, घाम गाळल्याशिवाय कुणालाच येत नाही हे डोळ्यांनी बघ म्हणून. 'गुड मॉर्निंग' गाण्याचं शूट सकाळी आठला सुरू झालं ते रात्री अकराला संपलं आणि तिच्या पायातून रक्त येत होतं. आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दोन गोष्टी म्हणजे बाळंतपण आणि हा पिक्चर असं ती पुढे सांगायची. केलीने पण नंतर कबूल केलं की मी तिच्याशी चांगला वागलो नाही.

आता 'गुड मॉर्निंग' परत बघा. तिघं एका ओळीत, स्वयंपाकघरातून जिन्यावर, जिन्यावरून खाली, रेनकोट घेऊन, सोफा उलटा करून. तिच्या चेहऱ्यावर थकवा शोधून दाखवा मला. मी शोधला. नाही सापडला.

पाऊसवेडी, तुझा नॉयसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक सांगू का, ज्या मुलीचे पाय रक्ताळले तिला वरून आवाज पण तुझा चालणार नाही असं सांगितलं गेलं. तेव्हा फसवणूक दोघींची झाली. २०१६ च्या डिसेंबरमधे तिची लेक कॅरी फिशर गेली आणि दुसऱ्याच दिवशी ही गेली, तेव्हा मी आठवडाभर हा पिक्चर लावू शकले नव्हते.

सातारी_कंदी

ताई, फार मनापासून लिहिलंत. माझ्या हिरोबद्दल पण थोडं. ओकॉनर तेव्हा दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचा म्हणे, आणि 'मेक एम लाफ'मधे त्या भिंतीवरच्या कोलांट्या, तोंडावर आपटणं, बाहुलीशी मारामारी, हे करून तो काही दिवस अंथरुणाला खिळला. आणि मग कळलं की फिल्मच खराब झालीये. परत केलं सगळं त्याने! त्याला गोल्डन ग्लोब मिळालं त्यासाठी. गाण्याची चाल मात्र संगीतकार कोल पोर्टरच्या 'बी अ क्लाऊन'शी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्ही लागोपाठ ऐकली तर कुणालाही कळेल, आणि ते गाणं केलीच्याच १९४८ च्या 'द पायरेट'मधलं. हे मला आवडत नाही पण सांगितलं पाहिजे.

माईकवाला

मोगरा_ताई, दोघींची फसवणूक झाली हे वाक्य फार नेमकं आहे. आमच्या धंद्यात याची सवय लागते ती वाईट. हॉलिवूडमधे मार्नी नॉक्सन, सॉरी, मार्नी निक्सन म्हणून गायिका होती. 'द किंग अँड आय'मधे डेबोरा कर, 'वेस्ट साईड स्टोरी'त नॅटली वुड, 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्न, तिघींसाठी हीच गायली आणि एकाही पिक्चरमधे नाव नाही. म्हणजे 'सिंगिंग इन द रेन'नंतर बारा वर्षांनीही हेच. पडदा वर गेला तो फक्त गोष्टीत. बाहेर तसाच खाली.

आपल्याकडे निदान गायिका स्टार झाली. तिकडे अशी लाज का वाटायची हे मला खरंच समजत नाही. नटीने स्वतःच गायलं पाहिजे हा हट्ट ठेवायचा आणि मग गाणारी लपवायची.

शाल्मली_प

मला लीनाबद्दल बोलायचंय. आजोबांनी मास्टर विठ्ठलांचं लिहिलं तेव्हापासून मनात घोळतंय. आपण सगळे तिला हसतो. पण ती मूर्ख नाहीये. शेवटी करार वाचून स्टुडिओला कोंडीत पकडते ती एकटीच. माझी बदनामी होईल अशी प्रसिद्धी केलीत तर कोर्टात खेचीन म्हणते. दुष्टपणा करते हो, कॅथीला पाच वर्षं पडद्यामागेच गाडून टाकायला निघते, ते वाईटच. पण तिला आयुष्यभर कुणी बोलूच दिलं नाही, डॉन प्रत्येक प्रीमियरला तिच्या तोंडासमोरून माईक काढून घेतो. आणि शेवटी भर स्टेजवर हजार माणसांसमोर पडदा वर. ते बघून मला आनंद होतो आणि लगेच अपराधी वाटतं.

पाऊसवेडी

शाल्मली, जीन हेगनमुळे असं वाटतं. तिने लीनाला नुसता विनोद नाही ठेवलं. ती ब्रॉडवेवर 'बॉर्न यस्टरडे'मधे जूडी हॉलिडेची बदली नटी होती आणि लीनाचा आवाज त्या घडणीतूनच आलाय. शेवटच्या प्रीमियरला स्टेजवरून आपण एवढं राबतो ते तुमच्या रुक्ष आयुष्यात थोडा आनंद यावा म्हणून, असं ती मनापासून म्हणते तेव्हा तिला खरंच तसं वाटत असतं. तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, मिळायला हवं होतं ऑस्करच. पिक्चरला एकूण दोनच नामांकनं आणि एकही बक्षीस नाही. आणि आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९८९ च्या पहिल्या पंचवीसांत तो आहे, साईट अँड साऊंड या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत दहावा.

मला वाटतं डॉनलाही सोडायला नको. सुरुवातीला तो माईकवर मुलाखतीत सांगतो मी कायम प्रतिष्ठा जपली, उत्तम शिक्षण, उत्तम नाटकं, आणि पडद्यावर दिसतं काय तर बारमधे नाचणारी दोन पोरं, हुर्यो, स्टंटमन म्हणून मार खाणं. आवाज एक सांगतो, चित्र दुसरंच. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच पिक्चर सांगतो की सिनेमात आवाजावर विश्वास ठेवू नका. मग शेवटी त्याच सिनेमाने आपल्याला बेटी नॉयसबद्दल फसवलं यात त्याची चूक मोठी की आपणच नीट ऐकलं नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. चूक म्हणायलाच हवी. नाव देता आलं असतं.

आजोबा_दादरकर

ठरवू नका. नाव लिहिलंत ते बरं केलंत.

विहीरकाठ

धागा वाचून आता आईला (वय ७६) हा पिक्चर दाखवायचाय, पण तिला इंग्रजी अजिबात येत नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतात त्यांचा उपयोग नाही. मी बाजूला बसून सांगत गेलो तर चालेल का, की तिला कंटाळा येईल?

सातारी_कंदी

आम्ही बिनभाषेचाच बघितलाय लहानपणी! आधी 'मेक एम लाफ' दाखवा, मग पावसाचं गाणं, मग माईकचा सीन. त्यानंतर त्या स्वतःच म्हणतील पहिल्यापासून लाव.

नूपुर७

बॅलेच्या वेळी काहीच सांगू नका, नुसतं बघू द्या.

विहीरकाठ

काल रात्री लावला. आई 'मेक एम लाफ'ला एवढी हसली की तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पावसाच्या गाण्याला काही बोलली नाही, फक्त हाताने मांडीवर ठेका धरला होता. माईकच्या सीनपाशी मी थांबवून समजावलं की ही हिरोईन दिसायला छान पण आवाज खराब म्हणून दुसरीचा आवाज घालणार आहेत, तर ती म्हणाली, "अरे पण तिला कुणी शिकवलं का नाही नीट? चार महिने दिले असते तर बोलली असती." मी म्हटलं शिकवतात गं, मास्तरीण ठेवलेली असते, जमत नाही तिला. तर म्हणे, "मास्तरीण चांगली नसेल." आई पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवत होती.

औषधाची वेळ झाली म्हणून तिथेच थांबवला. उरलेला आज रात्री. शेवटचा पडद्याचा सीन आल्यावर ती काय म्हणते ते उद्या येऊन लिहितो.